एका कानाने ऐकू येत नसेल तर हाडात बसवायचे श्रवणयंत्र घ्यावे का? निर्णयापर्यंत पोहोचण्याची वाट

माझा डावा कान गेला त्याला आता बारा वर्षे झाली. गौरी-गणपतीचे विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. पहाटे उठले तेव्हा डाव्या कानाला शंख लावल्यासारखा घुमणारा आवाज होता आणि त्यापलीकडे काहीच नव्हते. जवळच्या डॉक्टरांनी मळ असेल म्हणून थेंब दिले, मी तीन आठवडे ते थेंब घालत राहिले, आणि मालवणहून घाट चढून कोल्हापूरला कान-नाक-घसा तज्ज्ञांपर्यंत पोहोचले तोवर उपचाराची वेळ निघून गेली होती. पुढे सात वर्षांनी मी कानामागच्या हाडात बसवायचे श्रवणयंत्र घेतले. मी प्राथमिक शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. परंतु त्या सात वर्षांत काय विचारायला हवे होते आणि कोणत्या क्रमाने विचारायला हवे होते, हे मला उशिरा कळले, म्हणून तो क्रम येथे सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट मात्र सर्वांआधी. तुमचा किंवा घरातल्या कोणाचा कान आज, काल किंवा गेल्या आठवड्यात अचानक बंद झाला असेल, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची पातळी दाखवणारा आलेख, काढून घ्या. अचानक आलेल्या अशा बहिरेपणावर स्टेरॉइडचा उपचार असतो. तो पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोगी पडण्याची शक्यता अधिक. पाऊस ओसरला की जाऊ, आंब्याचा हंगाम उरकला की जाऊ, असे येथे करू नये.

कान का गेला, हे कागदावर हवे

यंत्राचा विचार करण्याआधी कारणाचा शोध पूर्ण झालेला असावा, कारण पुढचे अर्धे निर्णय त्या कारणावरच अवलंबून असतात. लहानपणी झालेले गालगुंड, मेंदूज्वर, डोक्याला मार लागून कानाच्या हाडाला गेलेला तडा, मेनियरचा आजार, जन्मतःच असलेला दोष, किंवा माझ्यासारखा कारण न सापडता एका रात्रीत गेलेला कान, अशी अनेक कारणे असतात. एका कानाची श्रवणशक्ती कमी होत गेली असेल किंवा अचानक गेली असेल, तर कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय सांगितला जातो. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते, पण ती असणे-नसणे समजलेच पाहिजे. खर्च टाळण्यासाठी ही तपासणी पुढे ढकलू नये.

कारणाचा निर्णयाशी संबंध कसा, ते थोडक्यात सांगते. नसेवर गाठ असेल किंवा काढली असेल, तर पुढे वर्षानुवर्षे डोक्याचे एमआरआय करावे लागतात, आणि हाडात बसवलेल्या यंत्राची सावली त्या चित्रावर पडते. म्हणून यंत्राचा प्रकार निवडताना हे आधी सांगावे लागते. मेंदूज्वरानंतर कान गेला असेल, तर आतल्या शंखाकृती अवयवात, म्हणजे कॉक्लियात, हाड तयार होऊ लागते आणि कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे श्रवणनसेला थेट विजेचे संदेश देणाऱ्या यंत्राचा, मार्ग लवकरच बंद होऊ शकतो. तेथे घाई करावी लागते. जन्मतः एका कानाने ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी काहींची श्रवणनसच बारीक असते किंवा नसते, त्यामुळे त्यांना कॉक्लियर इम्प्लांटचा उपयोग होत नाही.

चांगल्या कानाचाही ऑडिओग्राम नव्याने काढा. एका बाजूच्या बहिरेपणासाठी हाडातले यंत्र सुचवताना दुसऱ्या कानाची पातळी साधारण २० डेसिबल किंवा त्याहून चांगली, म्हणजे आकड्याने कमी, असावी, असा निकष लावला जातो. याचे कारण पुढच्या भागात स्पष्ट होईल.

यंत्र काय करते, आणि काय करत नाही

डॉक्टर ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवतात, तेव्हा एक कान पूर्ण गेलेल्या माणसाला तो आवाज चांगल्या कानात ऐकू येतो. कवटीचे हाड कंपन वाहून नेते आणि ते कंपन जिवंत कॉक्लियापर्यंत पोहोचते. हाडात बसवायच्या यंत्राचे तत्त्व हेच आहे. बहिऱ्या बाजूला, कानामागच्या हाडात टायटॅनियमचा तीन किंवा चार मिलिमीटर लांबीचा स्क्रू बसवतात. त्याला जोडलेला प्रोसेसर त्या बाजूचा आवाज टिपतो, त्याचे कंपन करतो, आणि ते कंपन कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानाच्या कॉक्लियात जाते.

टायटॅनियमशी हाड घट्ट एकजीव होते, हे स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या संशोधनातून पुढे आले. दातांच्या इम्प्लांटमध्ये आज वापरले जाते ते हेच तत्त्व. त्याच देशात, गोथेनबर्ग येथे १९७७ मध्ये आंदेर्स त्येल्स्ट्रोम यांनी ऐकण्यासाठीचे पहिले इम्प्लांट कवटीच्या हाडात बसवले. सुरुवातीला ते बाह्य किंवा मध्य कानाचा दोष असलेल्यांसाठी होते. एका बाजूच्या पूर्ण बहिरेपणासाठी अमेरिकेच्या नियामकाने त्याला २००२ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे या सर्व प्रकारांना सरसकट ‘बाहा’ म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो.

आता या लेखातले माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे सांगते. हे यंत्र तुमचा गेलेला कान परत आणत नाही. डावीकडचा आवाज ते उजव्या कानाच्या दारी आणून सोडते. ऐकणारा कान एकच राहतो. म्हणून आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखण्याची क्षमता, जी दोन्ही कानांची तुलना करून मेंदू मिळवतो, ती या यंत्राने येत नाही. मच्छीबाजारात कोणी हाक मारली तर हाक ऐकू येईल, पण मान कुठे वळवायची हे कळणार नाही. कानातली गुणगुण थांबेल, अशीही अपेक्षा धरू नये.

मग मिळते काय? आपले डोके आवाजाला आडवे येते. जाड, खालच्या पट्टीतले आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडे जातात. परंतु बारीक, वरच्या पट्टीतले आवाज अडतात आणि पलीकडच्या कानात पोहोचताना त्यांचा जोर १५ ते २० डेसिबलपर्यंत घटू शकतो. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’, ‘फ’ यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती या बारीक आवाजांमुळेच. म्हणून बहिऱ्या बाजूने कोणी बोलले की बोलल्याचे कळते, पण शब्द कळत नाहीत. माझे डावीकडे बसणाऱ्या मासेवालीशी किती वेळा वाजले, ते आठवले की वाईट वाटते. ती बांगड्यांच्या वाट्याचे दीडशे सांगे आणि मला अडीचशे ऐकू येई. हे यंत्र नेमकी ही डोक्याची सावली दूर करते.

त्याची किंमतही आहे. बहिऱ्या बाजूला गोंगाट असेल आणि बोलणारा माणूस चांगल्या बाजूला असेल, तर यंत्राशिवाय तुमचे डोके त्या गोंगाटाला अडवत असते. यंत्र लावले की तो गोंगाटही चांगल्या कानात येतो आणि समोरच्याचे बोलणे आधीपेक्षा कमी समजते. ही गोष्ट मला सुरुवातीला कोणी सांगितली नव्हती.

दोन आठवडे एक वही ठेवा

तपासणीच्या खोलीत बसून निर्णय होत नाही, कारण ती खोली शांत असते आणि आपले आयुष्य तसे नसते. म्हणून निर्णयाची खरी सुरुवात एका साध्या वहीने करावी. दोन आठवडे, ऐकण्यात चूक झालेला प्रत्येक प्रसंग लिहावा: जागा कोणती होती, बोलणारा कोणत्या बाजूला होता, गोंगाट होता का आणि कोणत्या बाजूला होता, आणि जागा बदलून काम भागले असते का.

शेवटचा प्रश्न फार उपयोगी आहे. माझ्या वहीत पहिल्या चार दिवसांतच वर्गातले अकरा प्रसंग आले. मी टेबल खोलीच्या मध्ये ठेवून बसत असे. ते डाव्या कोपऱ्यात, भिंतीला लागून ठेवले आणि सगळा वर्ग माझ्या उजवीकडे आला, तेव्हा त्यांतले सात प्रसंग एक रुपयाही न खर्चता संपले. राहिले ते वेगळ्या जातीचे होते. दुसरीतली एक मुलगी वही घेऊन माझ्या आणि भिंतीच्या मधल्या सापटीत शिरून उभी राहायची. एकदा तिने ‘बाई’ म्हटले, परत म्हटले, आणि मग माझ्या पदराचे टोक दोन बोटांत धरून हळूच ओढले. मी वळून पाहिले तेव्हा तिचे डोळे भरले होते. तिला वाटले होते, बाई आपल्यावर रागावल्या आहेत. त्याच महिन्यात आमची मामीही म्हणाली होती, “माका वाटला, तू रागावलंस.” असे प्रसंग वहीत वेगळ्या शाईने लिहा, कारण जागा बदलून न सुटणारे जे उरते, त्याच्यासाठीच यंत्राचा विचार करायचा असतो.

कोणता कान गेला आहे, यानेही वहीतले चित्र बदलते. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडायला उभे राहिल्यावर पहिले वाहन उजवीकडून येते. उजवा कान गेलेल्याला महामार्गावर, वळणावर अधिक जपावे लागते. त्याउलट डावा कान गेलेल्याने गाडी चालवली तर शेजारी बसलेल्याचे बोलणे त्याच्या बहिऱ्या बाजूला पडते. रिक्षा किंवा टेम्पो चालवून पोट भरणाऱ्यांनी हे आवर्जून नोंदवावे. आणि हे यंत्र दिशा सांगत नसल्याने, रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी म्हणून ते घेऊ नये. रस्त्यावर मान वळवून पाहण्याची सवय यंत्रानंतरही तशीच ठेवावी लागते.

चाचणी: शस्त्रक्रियेआधी यंत्र डोक्यावर बांधून पाहा

या निर्णयातली मोठी सोय अशी की, शस्त्रक्रिया न करता त्याचा अनुभव घेता येतो. हाच प्रोसेसर कपाळपट्टीसारख्या पट्ट्यावर बसवून कानामागच्या हाडावर दाबून धरता येतो. ही चाचणी श्रवणतज्ज्ञांकडे मागून घ्यावी, आणि दवाखान्यातल्या दहा मिनिटांवर समाधान मानू नये. अनामत ठेवून पट्टा किमान एक-दोन आठवडे घरी नेता येईल का, हे स्पष्टपणे विचारावे. जो विक्रेता घरी न्यायला अजिबात तयार नसेल, त्याच्याकडून यंत्र घेण्याची घाई मी तरी करणार नाही.

दवाखान्यात बऱ्याचदा चांगल्या कानात बोट घालायला सांगतात आणि यंत्र बहिऱ्या बाजूच्या हाडावर टेकवतात. स्वच्छ शब्द ऐकू येतात आणि माणूस हरखून जातो; गेलेला कान जागा झाला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात बोटाने बंद केलेल्या चांगल्या कानाचीच कॉक्लिया हाडातून ऐकत असते. तो आनंद मीही अनुभवला आहे, पण त्याच्यावर सही करू नये.

घरची चाचणी अशी करावी. घरातल्या एका माणसाला दोन आकडी संख्यांची यादी करायला सांगा, वीस संख्यांची. त्याने बहिऱ्या बाजूला दोन हातांवर बसून, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून, नेहमीच्या आवाजात त्या वाचाव्यात. तुम्ही ऐकलेले लिहावे. आधी पट्ट्याशिवाय, मग दुसरी यादी घेऊन पट्ट्यासह. त्यानंतर चांगल्या बाजूला मिक्सर किंवा टीव्ही चालू ठेवून हेच पुन्हा करा. आणि शेवटी उलट मांडणी करा: गोंगाट बहिऱ्या बाजूला, वाचणारा चांगल्या बाजूला. चौकटीत आकडे मांडले की आपल्या घरात यंत्र कुठे मदत करते आणि कुठे अडथळा आणते, हे स्वच्छ दिसते. माझ्या बाबतीत शांत खोलीत डावीकडून वाचलेल्या संख्यांपैकी निम्म्याहून कमी पट्ट्याशिवाय कळल्या, आणि पट्ट्यासह दोन-तीन सोडून सर्व कळल्या. उलट मांडणीत मात्र पट्ट्याने माझे आकडे खाली आणले. तेव्हाच मी ठरवले की यंत्र घेतले तर ते वर्गात, सभेत आणि घरच्या पंगतीत लावायचे, आणि डावीकडे जनरेटर किंवा स्पीकर असेल तेव्हा काढून पर्समध्ये ठेवायचे.

नंतर पट्टा बांधून प्रत्यक्ष जगात जा. एसटीने तालुक्याला जाऊन या, आठवडी बाजार करा, देवळातल्या भजनाला बसा, चार माणसांत जेवा. दशावताराच्या रात्री पखवाज आणि झांज यांच्या जवळ बसून पाहा. दोन गोष्टी लक्षात ठेवून निष्कर्ष काढा: पट्ट्यात आणि हाडात त्वचा आडवी येत असल्याने बारीक आवाज थोडे दबतात, म्हणजे हाडात थेट बसवलेले यंत्र पट्ट्यापेक्षा अधिक स्पष्ट ऐकवते, आणि पट्ट्याचा दाब डोके दुखवतो, तो त्रास शस्त्रक्रियेनंतर राहत नाही. याउलट, पट्ट्यावर गोंगाटाचा जो त्रास झाला तो शस्त्रक्रियेने जाईल, असे समजू नका.

आमच्या वाडीतले एक तांडेल आहेत, त्यांचा डावा कान लहानपणी गालगुंडाने गेला. त्यांनी पट्टा बांधून एक फेरी समुद्रावर मारली. इंजिनाचा आवाज बहिऱ्या बाजूने थेट चांगल्या कानात येऊ लागल्यावर खलाशांचे बोलणे, जे आधी कळत होते, तेही कळेना. त्यांनी पट्टा परत केला. त्यांचा दिवस बोटीवर जातो, म्हणून त्यांचा नकार योग्य होता. माझा दिवस वर्गात जातो, म्हणून माझा होकारही योग्य होता. दोघांचे ऑडिओग्राम जवळजवळ सारखेच आहेत.

दुसरे मार्ग तोलून पाहा

‘क्रॉस’ नावाच्या श्रवणयंत्रात शस्त्रक्रिया नसते. बहिऱ्या कानावर माइक असलेला भाग बसतो आणि तो चांगल्या कानावरच्या दुसऱ्या भागाकडे बिनतारी आवाज पाठवतो. खर्च बाहापेक्षा बराच कमी असतो आणि मिळणारा लाभ पुष्कळसा तसाच असतो, त्याच्या मर्यादाही त्याच आहेत. म्हणून ज्याने क्रॉस वापरून पाहिलेले नाही, त्याने बाहाची शस्त्रक्रिया करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मी ते दोन महिने वापरले. मला अडचण आली ती आपल्या हवेची: पावसाळ्यात माझ्या चांगल्या कानात बुरशी होते, आणि क्रॉसमध्ये त्याच कानात रबरी टोपी घालावी लागते. एकुलता एक कान ओला, कोंदट ठेवणे मला धोक्याचे वाटले. ज्यांना कानात बुरशीचा किंवा पाणी वाहण्याचा त्रास नाही, त्यांना ही अडचण येणारही नाही.

त्वचेला चिकटवायच्या पट्टीवर बसणारे हाडवहनाचे यंत्रही मिळते. शस्त्रक्रिया नको असणाऱ्यांना ते पाहता येईल, पण चिकटपट्टी घामात किती टिकते हे मे महिन्यात तपासावे. शाळकरी मुलांसाठी शिक्षकाच्या गळ्यात अडकवायचा छोटा माइक आणि मुलाच्या चांगल्या कानात त्याचा आवाज, ही व्यवस्था वर्गापुरती फार उपयोगी पडते. पाच वर्षांखालील मुलांचे कवटीचे हाड पातळ असते, त्यांना शस्त्रक्रियेऐवजी मऊ पट्ट्यावरच यंत्र लावतात.

कॉक्लियर इम्प्लांट हा वेगळ्या जातीचा मार्ग आहे. तो बहिऱ्या कानाच्या नसेलाच विजेचे संदेश देतो, म्हणून मेंदूला दुसऱ्या बाजूकडून काहीतरी मिळते. दिशा ओळखणे काही प्रमाणात परत येऊ शकते आणि पुष्कळांची कानातली गुणगुण कमी होते. एका बाजूच्या बहिरेपणासाठी अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. त्यासाठी नस शाबूत असावी लागते, कान जाऊन फार वर्षे झालेली नसावीत हे बरे, खर्च अधिक असतो, आणि महिनोन्महिने ऐकण्याचा सराव करावा लागतो. कान नुकताच गेला असेल आणि गुणगुणीने झोप उडवली असेल, तर बाहाचा निर्णय घेण्यापूर्वी हा प्रश्न तज्ज्ञांना विचाराच, कारण येथे थांबण्याने संधी कमी होते. बाहाच्या बाबतीत तसे नाही. तो दहा वर्षांनीही बसवता येतो.

काहीच न घेणे, हाही पूर्ण विचारान्ती घेतलेला निर्णय असू शकतो.

कोणत्या प्रकारचे इम्प्लांट

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात स्क्रूला जोडलेला छोटा खुंटा, ज्याला अ‍ॅबटमेंट म्हणतात, त्वचेतून बाहेर येतो आणि त्यावर प्रोसेसर टिचकीसरशी बसतो. आवाज सर्वांत थेट पोहोचतो, शस्त्रक्रिया लहान असते, प्रौढांमध्ये ती बहुधा पूर्ण भूल न देता फक्त तेवढा भाग बधिर करून होते. मात्र खुंट्याभोवतीची त्वचा जन्मभर सांभाळावी लागते. ती लाल होणे, ओलसर राहणे, वाढून खुंट्यावर येणे, असे त्रास होऊ शकतात. दुसऱ्यात त्वचेखाली चुंबक असते आणि प्रोसेसर बाहेरून चुंबकाने चिकटतो. त्वचा अखंड राहते, पण मधल्या त्वचेमुळे बारीक आवाज दबतात आणि चुंबकाच्या दाबाने जागा दुखू शकते. तिसऱ्यात कंपन करणारा भागच त्वचेखाली, हाडात बसवतात. ‘बोनब्रिज’ आणि ‘ओसिया’ ही त्यांतली नावे तुमच्या कानावर येतील. त्वचा अखंड आणि आवाजही चांगला, पण शस्त्रक्रिया मोठी, खर्च अधिक, आणि एमआरआयमध्ये पडणारी सावलीही मोठी.

ज्यांना गाठीसाठी नियमित एमआरआय करायचे आहेत त्यांनी प्रत्येक प्रकारासाठी दोन प्रश्न लेखी विचारावेत: किती टेस्लापर्यंतच्या (टेस्ला हे एमआरआयच्या चुंबकाच्या शक्तीचे माप) यंत्रात चालते, आणि कवटीचा किती भाग चित्रात झाकला जातो. बाहेरचा प्रोसेसर तर प्रत्येक प्रकारात काढूनच एमआरआयच्या खोलीत जावे लागते.

आपली हवा, आपले केस, आपले काम

किनारपट्टीवरच्या माणसाने येथे थोडे थांबून विचार करावा. दमट हवेत, घामात आणि खाऱ्या वाऱ्यात यंत्राचे धातूचे टोक गंजते, माइकच्या छिद्रांत ओल धरते. रात्री प्रोसेसर सिलिका जेलच्या डबीत ठेवणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट समजावी. पुष्कळ प्रोसेसर झिंक-एअर सेलवर चालतात. त्यांना हवा लागते, चिकटवलेली पट्टी काढल्यानंतर ते वापरले नाहीत तरी संपत जातात, आणि ओल त्यांना मानवत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ते सेल मिळतातच असे नाही, म्हणून श्रावणाच्या आधी घरात दोन-तीन पाकिटे असावीत.

रोज डोक्याला खोबरेल तेल लावणाऱ्या आपल्यासारख्यांनी प्रोसेसर काढूनच तेल लावावे, हात पुसावेत, आणि खुंट्याभोवती तेलाचा व मळाचा थर साचू देऊ नये. मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने ती जागा रोज स्वच्छ करावी. अंबाडा, गजऱ्याची पिन आणि पदर यांचीही अडचण होते. दुचाकी चालवणाऱ्याने जागा आखण्याच्या आधी हेल्मेट सोबत नेऊन शल्यचिकित्सकांना दाखवावे, कारण खुंटा हेल्मेटच्या आतल्या अस्तराला घासला तर त्वचा दुखावते आणि प्रोसेसर शिट्टी घालतो. मी चष्म्याची काडी आणि हेल्मेट दोन्ही दाखवले, तेव्हा जागा काही मिलिमीटर मागे घेतली गेली. समुद्रात उतरताना प्रोसेसर काढायचा असतो. डुबकी मारून कालवे काढणाऱ्यांनी किंवा पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्यांनी किती खोल जाता येईल, हे त्या विशिष्ट इम्प्लांटसाठी लेखी घ्यावे.

मधुमेह, तंबाखू-धूम्रपान, डोक्यावर पूर्वी झालेले किरणोपचार, आणि त्वचेचे जुने आजार यांमुळे जखम उशिरा भरते आणि स्क्रू हाडात न धरण्याचा धोका वाढतो. हे लपवू नये. साखर आटोक्यात आणण्यासाठी तारीख तीन महिने पुढे गेली तरी चालेल.

पैसे आणि कागदपत्रे

सर्व मिळून हा खर्च काही लाखांत जातो. अंदाजपत्रक एका आकड्यात घेऊ नका. इम्प्लांट, प्रोसेसर, शस्त्रक्रिया व रुग्णालय, नंतरच्या भेटी, आणि सेल-सुटे भाग असे वेगळे आकडे लिहून मागा. स्क्रू टिकला तर जन्मभर टिकतो, पण प्रोसेसर काही वर्षांनी बदलावा लागतो, आणि तो दुसरा प्रोसेसर स्वतःच्या पैशाने घ्यायचा आहे हे आजच धरून चला. आरोग्यविमा शस्त्रक्रियेचा खर्च देत असला तरी बाहेर घालायचे उपकरण अनेक पॉलिसींत वगळलेले असते. विमा कंपनीकडून पूर्वमंजुरी लेखी घेतल्याशिवाय तारीख नक्की करू नये.

दिव्यांग प्रमाणपत्रावर मदत मिळेल, अशी आशा अनेकांना असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांच्या पातळीवर आहे: बहिरे म्हणजे दोन्ही कानांत ७० डेसिबलचा दोष, आणि कमी ऐकू येणारे म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल. एक कान चांगला असलेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. मला हे अन्यायाचे वाटते, पण नियोजन करताना ते गृहीत धरावे लागते. तटस्थ मत हवे असेल तर मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे; सिंधुदुर्गातल्यांना बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयही जवळ पडते. श्रवणतज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का, हेही पाहावे.

तारीख ठरवण्यापूर्वी

शस्त्रक्रिया हे एका दिवसाचे काम असले तरी त्यामागे टाके, ड्रेसिंग, प्रोसेसर जोडणे आणि तो आपल्या कानानुसार जुळवणे अशा चार-पाच फेऱ्या असतात. प्रोसेसर लगेच लावत नाहीत. प्रकारानुसार काही आठवडे ते तीन महिने हाड धरू द्यावे लागते. आंबोली, फोंडा, करूळ किंवा आंबा घाट पावसात केव्हा बंद होईल याचा नेम नसतो, आणि ओल्या हवेत जखम कोरडी ठेवणेही अवघड जाते. म्हणून दिवाळी झाल्यावरची तारीख घ्यावी, आणि बागायतदारांनी ती मोहोर येण्याआधी उरकावी. मासेमारी करणाऱ्यांना १ जून ते ३१ जुलैची बंदी मोकळी वाटते, परंतु तेच महिने जखमेसाठी सर्वांत वाईट असतात. त्यांनी हंगामातले तीन आठवडे सोडण्याची तयारी ठेवावी.

शल्यचिकित्सकांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि बसताना त्यांना तुमच्या चांगल्या बाजूला बसवून घ्या. तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, एका बाजूच्या बहिरेपणासाठी त्यांतल्या किती, त्वचेचा त्रास झाला तर मी कोठे यायचे, प्रोसेसर बिघडला तर दुरुस्तीच्या काळात दुसरा मिळेल का, आणि मला तो नकोसा झाला तर काय काढता येईल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे: खुंटा काढता येतो, त्वचा त्यावर बंद होते, आणि हाडातला स्क्रू तसाच राहिला तरी सहसा त्रास देत नाही.

शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटचे एक कार्ड मिळते. त्यावर प्रकार, क्रमांक आणि एमआरआयची मर्यादा लिहिलेली असते. त्याच्या तीन प्रती काढा: एक पाकिटात, एक घरातल्या फाइलीत, आणि एक गावातल्या डॉक्टरांकडे, म्हणजे अपघात झाला आणि तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा तुमच्या डोक्यात धातू आहे हे एमआरआयच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला सांगणारे कोणीतरी असेल.